गिअरबॉक्सची चौथी बाजू

माणसाला वेड लागायला मोठं कारण लागत नाही. नितेशला लागलं ते अंगठ्याच्या पेराएवढ्या एका वस्तूवरून, आणि तीसुद्धा अशा जागी बसणारी, की गाडी टेबलावर ठेवली तर कुणाच्या बापाला दिसणार नाही.

हा नितेश घाटकोपरला चष्म्याच्या दुकानात कामाला. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. हात स्थिर, नजर बारीक आणि स्वभाव किरकिरा. रविवार आला की गाड्यांची मॉडेलं जोडायची. त्यांना खेळण्यातल्या गाड्या म्हणू नका, दोन दिवस बोलणार नाही तुमच्याशी. खऱ्या गाडीच्या बरोब्बर चोविसाव्या हिश्शाएवढी गाडी, शंभर-दीडशे तुकड्यांची, चिमट्याने एकेक तुकडा लावत महिनोन्महिने जोडायची. गेल्या वर्षी त्याने मुंबईची काळीपिवळी फियाट करायला घेतली. किट परदेशातून मागवलं. वरून गाडी झकास. उलटी केली तर पोटात सपाट पत्रा आणि त्यावर गिअरबॉक्सच्या नावाने एक ढेकूळ.

घरच्यांनी विचारलं, खालून बघतंय कोण? तो म्हणाला, मी बघतोय ना. विषय संपला.

पाच महिने त्याने खरा गिअरबॉक्स शोधला. इंटरनेटवर जगभरच्या हौशी लोकांना साकडं घातलं. एका इटालियन आजोबांनी प्रेमाने बारा फोटो पाठवले, पण सगळे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, म्हणजे त्याची सळई खाली उतरून गिअरबॉक्सच्या दांडीला भेटते ती बाजूच वेगळी. गॅरेजवाल्यांकडे गेला तर ते हसले. गाड्या भंगारात गेल्या, तिथे गिअरबॉक्स कुठला शिल्लक राहायला? एकाने मोबाईलमध्ये जुना फोटो दाखवला. त्यात तेलाच्या काळ्या थराशिवाय काही दिसत नव्हतं.

आणि काखेत कळसा, गावाला वळसा म्हणतात ना, ते काही उगीच नाही.

दिवाळीच्या फराळाला सगळे भांडुपला जमले होते, नितेशच्या थोरल्या मावशीकडे, म्हणजे रत्नप्रभा मावशीकडे. वय अडुसष्ट, नवरा वारलेला, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहणारी बाई. नितेश चकली खात आपलं रडगाणं गात होता. मावशी चहा गाळत होती. गाळता गाळता म्हणाली, "फियाटचा ना? चार गिअरचा? तो माझा रे."

कुणाला काही कळेना. मग तिने सांगितलं, ते असं. अठ्ठावीस वर्षं ती भांडुपच्या एका गिअर कारखान्यात कामाला होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ती तिथे करत काय होती, हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. बाई ऑफिसात आहे म्हटल्यावर टायपिंग करत असेल, इतकीच आपल्या लोकांची धाव. ती ट्रेसर होती. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने ते जसंच्या तसं उतरवायचं, एक रेष इकडची तिकडे न होऊ देता. त्याच्या प्रती निघून खाली कारखान्यात जायच्या. पेपर फाटला, पिवळा पडला, कुठे अर्ध्या मिलिमीटरचा बदल झाला, की पुन्हा नवा काढायचा. फियाटच्या गिअरबॉक्सचा तो मोठा कागद तिने चाळीसेक वेळा तरी उतरवला असेल. कारखाना बंद झाला आणि सगळे कागद रद्दीत गेले.

"मग तो दिसायचा कसा, सांग ना," नितेश म्हणाला.

मावशीने कधी पाहिलाच नव्हता. ट्रेसर मुलींना खाली कारखान्यात जायची मनाई होती. मशीनमध्ये पदर अडकेल, तेल लागेल, पुरुष काम सोडून बघत बसतील, अशी तीन कारणं. अठ्ठावीस वर्षं कागद खिडकीतून खाली जायचे आणि बाई वर.

आता इथे मधेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मावशी हल्ली विसरायला लागली होती. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच सुरू राहिला. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. एकदा भाजी घेऊन निघाली आणि स्वतःची गल्लीच सापडेना, तासभर मारुतीच्या देवळाशी बसून राहिली. तिची मुलगी प्रांजल मुलुंडला असते. तिने ठरवून टाकलं होतं की आईने इथलं घर बंद करून आपल्याकडे यायचं. प्रांजल वाईट नाही, उलट काळजीने अर्धी झालेली. पण मावशीला ते घर सोडायचं म्हणजे मी गेले कामातून असं लिहून दिल्यासारखं वाटत होतं. त्यावरून मायलेकींत रोजची धुसफूस.

त्या फराळाच्या ताटावर मावशी एकदम लेकीकडे वळली.

"माका येडी समजतंस ना गो? मी ह्याचो गिअरबॉक्स काढून देतंय, मनातून. बरोबर इलो तर मी हयच रवतलंय. चुकलो तर तू सांगशील त्या दिवशी पेटी भरतंय."

एरवी मुंबईचं मराठी बोलणारी मावशी मालवणीवर आली, की प्रकरण पोटातलं आहे असं समजायचं. कागद बरोबर आला तर आई भांडुपलाच राहणार, या पैजेला प्रांजलने सणासुदीला वाद नको म्हणून हो म्हटलं. नितेशने चकली संपवली.

पुढच्या रविवारी दुपारी तो मोठा कार्ट्रिज पेपर, शाईची पेनं आणि गुण्ये घेऊन भांडुपला गेला. मनात म्हणत होता, म्हातारीची समजूत काढू, दोन रेघा ओढू देऊ आणि चहा पिऊन घरी जाऊ. मावशीने जेवणाचं टेबल पुसलं, कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीने लावला, तळव्याने दोनदा सपाट केला, आणि ती काहीच न करता बसून राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नितेशला वाईट वाटायला लागलं. म्हणावं का, राहू दे मावशी?

तेवढ्यात तिने पेन उचललं आणि कागदाच्या डावीकडे एक लांब मध्यरेषा मारली. मग थांबली नाही.

ते बघायला तुम्ही हवे होतात. नितेश आजही सांगताना हात चोळतो. तिने आधी एक मोठं वर्तुळ काढलं, गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड. त्याभोवती आठ बोल्टांची भोकं. मग त्याच्या उजवीकडे बाजूचं चित्र, शेवटाकडे निमुळतं होत जाणारं. खाली वरून दिसणारं चित्र. ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत होती, पाढे म्हणतात तशा चालीत. एकशे बासष्ट, अठ्ठेचाळीस पॉइंट पाच, त्रिज्या बारा. कुठेही खोडलं नाही, कुठेही मागे जाऊन पाहिलं नाही. हात पुढे आणि डोळे त्याच्या मागे, असं चाललं होतं. मधे तिने विचारलं, आज वार कोणता? त्याने सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. आणि त्याच वेळी तिचा हात एका वळणाची त्रिज्या साडेसात लिहीत होता. ह्या बाईला वार आठवत नाही, आणि वीस वर्षांपूर्वी रद्दीत गेलेला कागद तिच्या मनगटातून बाहेर येतोय. देवाने माणूस कसा बनवलाय, कोण सांगेल?

संध्याकाळी चार तासांनी तिने पेनाला टोपण लावलं. नितेशने वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि तो काही सणवारी पाया पडणारा मुलगा नव्हे.

इथवर गडी शहाण्यासारखा वागला. इथून पुढे त्याची अक्कल चरायला गेली.

तीन आठवडे बसून त्याने त्या कागदावरून कॉम्प्युटरवर आराखडा उभा केला. आठांपैकी एक बोल्ट बाकीच्यांसारखा समान अंतरावर नव्हता, जरा सरकलेला होता. नितेशने ठरवलं, मावशीचा हात तिथे हलला असणार. त्याने तो आपला सारखा करून टाकला. मग साकीनाक्याच्या एका थ्री-डी प्रिंटवाल्याकडून छोटा गिअरबॉक्स छापून घेतला. काय सुंदर आला होता! पंचवीस मिलिमीटरचा, करड्या रंगाचा, प्रत्येक बोल्ट दिसणारा. घरी येऊन त्याने तो गाडीच्या पोटात बसवला, आणि सळई जोडायची दांडी भलत्याच बाजूला. स्टिअरिंगची सळई उजवीकडून उतरते, ही दांडी डावीकडे. सगळा गिअरबॉक्स आरशात बघावा तसा उलटा.

तो मावशीला एका शब्दाने बोलला नाही. त्याने प्रांजलला फोन केला. म्हणाला, ताई, कागद थोर काढलाय गं, पण डावं-उजवं उलटं झालंय तिचं. वय झालं ना, होणारच. हे सांगताना त्याला स्वतःच्या समजूतदारपणाचं कौतुकसुद्धा वाटलं असेल, मी त्याला ओळखतो.

प्रांजलने आईला सांगितलं. मावशी भांडली नाही. म्हणाली, डावं-उजवं? बरं. मग कपाटातल्या साड्या काढून पलंगावर ठेवायला लागली. रविवारी टेम्पो सांगायचं ठरलं.

शनिवारी अर्धा दिवस सुट्टी घेऊन नितेश पुन्हा साकीनाक्याला गेला, उलटा केलेला आराखडा छापून घ्यायला. प्रिंटवाल्याने तो नवा तुकडा हातात देताना सांगितलं, मागच्या गल्लीत एक शिवदास मिस्त्री आहेत, जन्मभर गिअरबॉक्सच खोलत आलेत, त्यांना दाखवा एकदा. नितेश गेला. पत्र्याच्या शेडमध्ये साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशात कॅलिपर. आणि त्याच्या मागे लोखंडी स्टँडवर, स्वच्छ धुतलेला, साक्षात फियाटचा गिअरबॉक्स. लोक देवघरात देव ठेवतात तसा त्याने तो ठेवला होता. शेवटचा आहे, विकणार नाही, असं त्याने नितेशने तोंड उघडायच्या आतच सांगून टाकलं.

नितेशने पिशवीतून मावशीचा कागद काढून पसरला. शिवदासने चष्मा वर केला, मग खाली केला. कॅलिपर काढून मापायला लागला. गिअरबॉक्सवर माप घ्यायचं, मग कागदावरचा आकडा बघायचा. दहा मापं झाली, वीस झाली. केसाचाही फरक नाही. त्याने कामावरच्या दोघांना हाक मारून बोलावलं, आणि तिघं त्या कागदावर वाकून उभे राहिले. सरकलेल्या बोल्टाशी शिवदासचं बोट थांबलं. म्हणाला, हा बोल्ट मुद्दाम सरकवलाय, म्हणजे गिअरबॉक्स चुकीचा फिरवून बसवताच येऊ नये. हे फक्त खोलणाऱ्यालाच माहीत असतं. कुणी काढलाय हा कागद?

नितेशचे कान गरम झाले. मावशीने, म्हणाला, पण डावं-उजवं चुकलंय तिचं.

शिवदासने त्याच्याकडे असं पाहिलं की नितेशला दहावीचे गणिताचे सर आठवले.

"तिचं नाही, तुझं चुकलंय," तो म्हणाला.

त्याने खिशातली काडेपेटी काढून कागदावर ठेवली. आपल्या कारखान्यांतली पद्धत अशी, म्हणाला, की वस्तू कागदावर ठेवायची आणि उजवीकडे कलंडवायची. त्याने काडेपेटी उजवीकडे कलंडवली. वर काय आलं? डावी बाजू. म्हणून डावी बाजू कागदावर उजवीकडे काढतात, आणि तोंडाकडून बघताना जी डावी, तीच गाडीत बसल्यावर उजवी. परदेशी पद्धत वेगळी, तिथे डावी बाजू डावीकडेच राहते. तू परदेशी किटांची चित्रं बघून शिकलास, तसा हा कागद वाचलास. त्यात कागदाचा काय दोष?

नितेश तिथेच स्टुलावर बसला. बोल्ट बरोबर, बाजू बरोबर, आकडे बरोबर. जे जे चुकलं म्हणून त्याने सुधारलं ते ते त्याने बिघडवलं होतं. आणि त्याच्या त्या एका फोनवर उद्या सकाळी भांडुपच्या दारात टेम्पो उभा राहणार होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. त्याने मारली नाही, पण प्रांजलला फोन लावला, सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता, आणि म्हणाला की मावशीला घेऊन आत्ताच्या आत्ता इथे ये.

तासाभराने रिक्षा आली. मावशी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून आली होती, ऑफिसला निघाल्यासारखी. शिवदास हात पुसत पुढे झाला, तिला वाकून नमस्कार केला आणि बाजूला सरकला.

मावशी स्टँडसमोर उभी राहिली. रस्त्यावरचे हॉर्न तेवढे चालू होते.

"एवढा असतो?" ती हळूच म्हणाली.

कागदावर तो अर्ध्या मापाचा असायचा. तिच्या मनातही तो तेवढाच होता, परातीत मावेल असा. तिने हात पुढे केला, मागे घेतला, मग शिवदासकडे पाहिलं. लावा ना हात, तो म्हणाला. तिने बोट टेकवलं ते थेट त्या सरकलेल्या बोल्टावर. तिथून धारेवरून, वळणावरून, निमुळत्या शेपटीपर्यंत बोट नेलं, आणि पुन्हा ते आकडे सुरू झाले. एकशे बासष्ट. अठ्ठेचाळीस पॉइंट पाच. शिवदास कॅलिपर हातात धरून नुसता मान हलवत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

मग मावशी स्टँडला वळसा घालून पलीकडे गेली आणि थबकली. कागदावर तीनच बाजू असायच्या. समोरची, एका अंगाची, वरची. ही पलीकडची बाजू कधी कुणी काढली नव्हती, कारण तिथे मापायचं वेगळं काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं, चाळीस कागद, आणि ही बाजू तिने आज पहिल्यांदा पाहिली. साधी होती. ओतकामाची खरखरीत पाठ, मधे दोन उभे कणे. मावशी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिने अख्खा तळवा त्या खरखरीत लोखंडावर ठेवला आणि हसली, लहान मुलीसारखी, दात दिसेपर्यंत.

शिवदासने वरचं झाकण काढलं आणि पुढचा दांडा हाताने फिरवला. आतली सगळी चाकं एकमेकांना धरून फिरायला लागली, तेलात चमकत, आवाज न करता. मावशी वाकून बघत होती. ह्या आतल्या चाकांचे कागद दुसऱ्या टेबलावर, नलिनीकडे असायचे, ती म्हणाली. नलिनीने हे बघायला हवं होतं. तिने पदर सावरला नाही, तो तेलाला लागला, तिचं लक्षच नव्हतं. नितेशने जन्मात इतकं काही एकाच वेळी पाहिलं नव्हतं, आणि त्याला कळत नव्हतं की त्या चाकांकडे बघावं की तिच्या चेहऱ्याकडे.

त्याने खाली बसून मावशीची माफी मागितली, सगळ्यांसमोर, नीट. मेल्या, कागद धरायला शीक आधी, एवढंच ती म्हणाली.

प्रांजल इतका वेळ शेडच्या खांबाशी उभी होती. ती पुढे आली. डोळे पुसत म्हणाली, "आई, माझं चुकलं. टेम्पोला नको म्हणून सांगते. तू जिंकलीस, तू तुझ्या घरात राहा."

मावशीने शिवदासने दिलेल्या फडक्याला हात पुसले. एकेक बोट, सावकाश, पेनं पुसायची तशी.

"नको, टेम्पो येऊ दे," ती म्हणाली. "हे सगळं आठवतंय गं मला, मरेपर्यंत आठवेल. पण आत्ता रिक्षात तू शेजारी बसली होतीस ना, साकीनाका येईपर्यंत मी तुझं नाव आठवत बसले होते."

प्रांजलने तिचा हात धरला, तेलासकट. शिवदासने इतका वेळ फिरवत ठेवलेला दांडा सोडला, तरी चाकं आणखी थोडी फिरली, आणि मग थांबली.